चिऱ्यांचा सांधा आणि स्क्विड
(रत्नागिरीत विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

गुरांच्या दवाखान्यात मोठ्या थर्मासासारखं एक भांडं असतं, ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्यात द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात, उणे 196 अंश सेल्सिअसला. आजचा विषय त्या भांड्यात मावतो. पूर्वी अतिसंवाहक, म्हणजे खूप थंड केल्यावर वीज अजिबात न अडवणारा पदार्थ, म्हटलं की महागडा द्रवरूप हेलियम लागायचा. 1986 साली बेडनॉर्ट्झ आणि म्यूलर या भौतिकशास्त्रज्ञांना तांब्याच्या ऑक्साइडांमध्ये नवी वाट सापडली. पुढच्याच वर्षी इट्रियम, बेरियम, तांबं आणि ऑक्सिजन यांचं संयुग आलं. ते उणे 180 अंशांच्या आसपासच अतिसंवाहक होतं. म्हणजे नायट्रोजन पुरतो.

या संयुगापासून आम्ही स्क्विड नावाचा, अतिशय क्षीण चुंबकीय क्षेत्र मोजणारा संवेदक बनवतो. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र इथे सुमारे 40 मायक्रोटेस्ला आहे. हृदयाच्या ठोक्यांचं क्षेत्र त्याच्या काही लाख पटींनी कमी असतं, आणि स्क्विड तेही टिपतो.

त्यासाठी संयुगाचा पातळ थर, म्हणजे फिल्म, लागते. ती बनते अशी. स्ट्रॉन्शियम टायटॅनेटचा स्फटिक साडेसातशे अंशांच्या वर तापवायचा, समोर संयुगाची चकती ठेवायची आणि अतिनील लेझरचे झटके देऊन तिच्यावरचं द्रव्य स्फटिकावर उडवायचं. दोनेकशे नॅनोमीटरचा थर पुरे. मग भरपूर ऑक्सिजनमध्ये सावकाश निववायचं. इथे घाई केली आणि ऑक्सिजन कमी मुरला, तर तेच अणू, तीच मांडणी जवळपास, पण अतिसंवाहकता नाही.

खरी गंमत पुढे आहे. चांगल्या गवंड्याने बांधलेली चिऱ्यांची भिंत आठवा, सगळे थर एका रेषेत. फिल्मही तशीच हवी, अणूला अणू लागून. पण स्क्विडला दोन कमकुवत सांधे लागतात, जिथे अतिसंवाहकता जेमतेम टिकते. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जोसेफसनने 1962 साली ज्यांचं भाकीत केलं, तेच हे सांधे. ते मिळवायला आम्ही आधारच दोन स्फटिकांचा घेतो, एकमेकांशी 24 किंवा 30 अंश फिरवून जोडलेला. वरची फिल्म त्या रेषेवर आपोआप तिरकी जुळते. मग त्या रेषेवरून एक बारीक चौकट कोरायची. रेषा चौकटीला दोन ठिकाणी छेदते, तेच दोन सांधे. चौकटीतून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदललं की सांध्यांवरचा व्होल्टेज लाटेसारखा वर-खाली होतो, आणि आपण तो मोजतो. दोष टाळण्यात वर्षं घालवायची आणि नेमका एक दोष हव्या त्या जागी ठेवायचा, या कामाने मला आयुष्यभर धरून ठेवलं ते यासाठी.

आता आपल्या पावसाळ्याबद्दल. या संयुगाला पाण्याचं वावडं आहे. बेरियम ओलाव्याशी आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावतो आणि फिल्मवर पांढुरके डाग उठतात. एका जुलैत मी मोजमाप संपवून नमुना नायट्रोजनमधून थेट हवेत काढला. क्षणात त्यावर पाण्याचा थर धरला. मी रुमालाने टिपला आणि पुन्हा वापरला, असं तीन-चार वेळा. आठवडाभरात दोन्ही सांधे गेले. तीन महिन्यांचं काम होतं ते, आणि चूक सर्वस्वी माझी. तेव्हापासून नमुना कोरड्या नायट्रोजन वायूतच खोलीच्या तापमानाला येतो, मग सिलिका जेलच्या डब्यात जातो. इथे काम करायचं तर हा नियम आधी पाठ करा.

जागाही निवडावी लागते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या प्रवाहाने मोजमाप बिघडणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा 1904 साली अलिबागला आणली, आणि तिच्या बांधकामात लोखंड येऊ दिलं नाही. आपला जांभा तर लोहानेच लाल आहे. तो जागचा हलत नाही, पण संवेदक हलला की त्याचंही क्षेत्र बदलल्यासारखं दिसतं. म्हणून टेबल आधी स्थिर करा, स्क्रू पितळेचे घ्या आणि मोबाइल दाराबाहेर ठेवा.