भेरली माडातलं बिऱ्हाड

[दृश्य: संध्याकाळ, पुणे. भेरली माड खालून वर.]

पुण्यातल्या जुन्या आवारांमध्ये हा माड अजून दिसतो. भेरली माड. खोडावरून मुंडावळ्यांसारखे लोंबणारे हे त्याचे फळांचे घोस. लांबून पाहिलं तर घोस भरगच्च वाटतो. बुंध्यापाशी उभं राहून सरळ वर बघितलं, तरच त्याच्या पोटातली पोकळी दिसते.

[दृश्य: घोसाचा आतला भाग, जवळून.]

या सरांची टोकं बघा. बाहेरचे सर सलग खाली उतरलेत, आतले वरच तुटलेत. वाऱ्यानं तुटले असते तर कसेही तुटले असते. इथे मात्र मधलेच तेवढे गेलेत आणि भोवतीचा पडदा शाबूत आहे. हे काम दातांचं आहे. करणारा आहे आखूड नाकाच्या फळवाघळाचा एक नर, वजन जेमतेम पन्नास ग्रॅम.

[दृश्य: रात्र, इन्फ्रारेड.]

तो एकटाच राबतो. मागच्या पायांनी एका सराला लटकायचं, शेजारचा सर तोंडाशी ओढायचा आणि कुरतडत राहायचं. तुटला की पुढचा. एका रात्रीत हे उरकत नाही. रात्रीमागून रात्री चालतं. मधूनच तो थांबून देठांना आपली लाळ लावतो. हळूहळू आत घंटेच्या आकाराची जागा तयार होते. पाऊस बाहेरच्या सरांवरून निथळून जातो, आणि वरून घिरट्या घालणाऱ्या घारीला आतलं काही दिसत नाही.

पुण्यातल्या या घोसांचा अभ्यास एच. आर. भट आणि थॉमस कुन्झ यांनी 1995 मध्ये प्रसिद्ध केला. पुढे जे. एफ. स्टॉर्झ यांनी भट आणि कुन्झ यांच्याबरोबर याच शहरातल्या वाघळांची नातीगोती आनुवंशिक चाचण्यांनी तपासली. जगभरच्या शास्त्रज्ञांनी वाचलेलं हे काम आपल्या आवारातल्या झाडांवर झालंय, हे पुणेकरांनीच विसरावं याचं वाईट वाटतं.

[दृश्य: दुपार. पोकळीत एकमेकींना बिलगलेल्या माद्या.]

ज्याचं घर, त्याच्याकडे माद्या. कधी दोन-चार, कधी डझनाहून जास्त. ज्या नरांना घर नाही ते आसपास एकेकटे टांगलेले असतात. घरधनी नर बहुतेक पिल्लांचा बाप असतो, पण सगळ्यांचा नाही.

वर्षाकाठी वीण दोनदा: एकदा फेब्रुवारी-मार्चमध्ये, एकदा जून-जुलैमध्ये. दर खेपेला पिल्लू एकच. उन्हाळ्याच्या तोंडावर बाळंत झालेली मादी लगेच पुन्हा माजावर येते. एक पिल्लू काखेजवळच्या सडाला चिकटून दूध पीत असतं, तेव्हाच पोटात दुसरं वाढायला लागतं.

[दृश्य: आई आणि पिल्लू, अगदी जवळून.]

पिल्लाची पकड बघा. त्याचे दुधाचे दात आत वळलेले असतात, आकड्यासारखे. आई हलली, उडाली, तरी तोंडातला सड सुटत नाही. जन्मतःच त्याचं वजन आईच्या पाव हिश्शाएवढं भरतं, आणि सुरुवातीचे दिवस ती हे ओझं घेऊनच चरायला जाते. पुढे ते घरी राहतं. साधारण महिना-दीड महिन्यात दूध सुटतं. पिल्लू मादी असेल तर सहा महिन्यांच्या आतबाहेर वयात येते; नराला वर्ष उलटून जावं लागतं.

[दृश्य: उंबराचं झाड, रात्र.]

ही जात आवाजाच्या प्रतिध्वनीवर वाट काढत नाही. मोठे डोळे आणि तिखट नाक, एवढ्यावर तिचं चालतं. पिकलेलं उंबर तोंडात धरायचं आणि दुसऱ्या झाडावर जाऊन खायचं. गर टाळूवर दाबून रस गिळायचा, चोथा थुंकायचा. बिया अशाच दूरवर पडतात.

[दृश्य: झाडांखालचा चोथा, भिंतीवरचे डाग.]

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बहुतेक फळवाघळांना उपद्रवी प्राण्यांच्या यादीत टाकलं होतं. ती यादी 2022 च्या दुरुस्तीनं गेली. महाबळेश्वरच्या गुहेतल्या वाघळांत निपाह विषाणूची प्रतिपिंडं सापडली, ती दुसऱ्या जातीत; उष्टी फळं मात्र कुठलीच खाऊ नयेत.

[दृश्य: माळी, शिडी, कोयता.]

भेरली माडाला घोस वरून खाली येत जातात. सगळ्यात खालचा पिकला की झाडच मरतं. म्हणजे नराचं घर मुळातच थोड्या काळाचं. त्यात फळांनी अंगाला खाज सुटते म्हणून, फरशीवर कचरा होतो म्हणून घोस आधीच छाटले जातात. छाटायचेच असतील तर फेब्रुवारी ते एप्रिल आणि जून ते ऑगस्ट एवढे महिने सोडा. आणि एरवीही शिडी लावण्याआधी बुंध्यापाशी उभं राहून वर बघा.