बेंबीतून आत

बेंबीपाशी जेमतेम एक सेंटीमीटरचा छेद. त्यातून कार्बन डायऑक्साइड सोडला की पोट फुगतं, आत काम करायला जागा होते. मग दुर्बीण आत जाते, आणखी दोन छेदांतून चिमटे.

पडद्यावर हे गुलाबी, चकचकीत दिसतंय ते पोटाचं निरोगी अस्तर. आणि त्यावर हे काळपट ठिपके, जळती काडी टेकवल्यासारखे. हा एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी भलत्याच जागी रुजतात. पाळीच्या चक्राबरोबर तिथंही रक्त पाझरतं, सूज येते. हळूहळू अवयव एकमेकांना चिकटतात.

असे बारीक ठिपके सोनोग्राफीत सहसा दिसत नाहीत. मग रिपोर्ट नॉर्मल. आणि घरीदारी तेच, 'पाळीत दुखायचंच!' निदान व्हायला ४ ते १२ वर्षं जातात. मूल होत नाही म्हणून तपासण्या सुरू झाल्या की मग कुठे त्या दुखण्याकडे लक्ष जातं.

हा डावा बीजकोष. गर्भाशयाच्या मागे घट्ट चिकटलाय. सोडवता सोडवता त्यातली गाठ फुटली, आणि हे बघा, दाट, तपकिरी. साठलेलं जुनं रक्त. याला चॉकलेट सिस्ट म्हणतात. दिसतंही अगदी तसंच. ते नुसतं शोषून भागत नाही, पुन्हा भरतं. आतलं आवरण सोलावं लागतं. एका चिमट्यात बीजकोष, दुसऱ्यात आवरण, आणि दोन बाजूंना अगदी हलका ताण. इथे घाई चालत नाही. सोबत चांगला भाग निघाला किंवा रक्त थांबवताना जास्त डाग दिला, तर स्त्रीबीजांचा साठा घटतो.

आता गर्भनलिका मोकळ्या आहेत का ते बघायला गर्भाशयात निळा रंग सोडलाय. उजव्या नळीच्या टोकाशी बघा... आला. डावीकडे काहीच नाही. अजून नाही. आला!

१९९७ मध्ये कॅनडातल्या ३४१ जणींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आजार सौम्य होता. दुर्बिणीनंतरच्या ३६ आठवड्यांत दिवस जाऊन गर्भ टिकला तो शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे ३१ टक्के जणींचा. नुसती दुर्बिणीने तपासणी झालेल्यांत १८ टक्के. बाकीच्यांपैकी काहींना आयव्हीएफ लागतं, काहींचा आजार परततो.

वायू बाहेर. तीन छेद, मोजके टाके.

भूल उतरल्यावर ती म्हणते, खांदा दुखतोय. पोटात उरलेल्या वायूमुळे, एक-दोन दिवसांत थांबेल. या दुखण्याचं कारण तिला लगेच सांगितलं जातं.