‘हजी चालशे’ म्हणजे किती?

(वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या एका घरगुती बैठकीत झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, गाडी मी खालीच लावून आलोय. येताना ज्यांनी ती ऐकली असेल, त्यांना आजचा विषय वेगळा सांगायला नको: जुन्या गाडीच्या सस्पेन्शनमधला, म्हणजे चाकं धरणाऱ्या आणि धक्के झेलणाऱ्या रचनेतला, कुठला झिजलेला भाग ठेवायचा आणि कुठला बदलायचा. चांपानेर दरवाजाकडून वळताना पुढून ‘खट’ असा जो आवाज येतो, तो गेली दोन वर्षं आमच्या घरातला वादाचा विषय आहे. सौभाग्यवतींचं म्हणणं, एवढं वाजतंय तर बदलून टाका ना एकदाचं. आमच्या मिस्त्रींचं म्हणणं, ‘साहेब, हजी चालशे.’ अजून चालेल. आणि मी इंजिनिअर, म्हणजे दोघांच्या मध्ये उभा राहून मोजमाप घेणारा माणूस.

गाडी १९६८ची फियाट ११०० डी. वडिलांनी नंबर लावून, वाट बघून घेतलेली. पुढे दोन बाजूंना दोन-दोन आर्म, म्हणजे चाकाला बॉडीशी जोडणारे दांडे, आणि मध्ये कॉइल स्प्रिंग, मागे दोन चाकांना जोडणारा सरळ ॲक्सल आणि पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांची कमानीसारखी स्प्रिंग. चेसी, म्हणजे खालचा सांगाडा, वेगळी नाही, बॉडी हीच चेसी. एवढं लक्षात ठेवलंत तरी पुढचं सगळं कळेल.

जुन्या गाडीवाले एकमेकांना भेटले की पहिला प्रश्न विचारतात, हा पार्ट झिजलाय का? अहो, छप्पन्न-सत्तावन्न वर्षांच्या गाडीत न झिजलेलं काय असणार? हा प्रश्न विचारलात की उत्तर नेहमी ‘हो’ येतं, आणि मग एक तर सगळं बदलायचं नाही तर काहीच नाही, असे दोनच रस्ते उरतात. मी दोन्ही रस्त्यांनी जाऊन आलोय. दोन्हीकडे खड्डे आहेत.

माझी वाटणी वेगळी आहे. सस्पेन्शनमध्ये काही भाग धरणारे असतात आणि काही झेलणारे. किंगपिन (जिच्याभोवती पुढचं चाक वळतं ती पिन), टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचं चाकाकडचं टोक), आर्मचे बोल्ट, पाटे ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट हे धरणारे. चाक कुठे असावं, कुठे बघावं, हे ते ठरवतात. गाडीचे झोके थांबवणारे शॉकअप, स्प्रिंग, जोडांत बसवलेले रबराचे बुश हे झेलणारे. ते दमले तर तुमची कंबर तक्रार करते. धरणारा सुटला तर तक्रार करायला कुणी उरेलच असं नाही. टाय रॉड एंडचा गोळा खोबणीतून निघाला की एक चाक तुमचं ऐकतं आणि दुसरं ऐकत नाही. अशा भागाशी भावनेचा संबंध ठेवू नये. वडिलांच्या वेळचा आहे, ओरिजिनल आहे, सगळं मान्य. काढावा, पुसावा, चिठ्ठी लावून डब्यात ठेवावा. मी ठेवलेत.

आता गंमत अशी की हे धरणारे भाग बोलत नाहीत. माझा ‘खट’ करणारा भाग शोधला तेव्हा तो निघाला वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याचा, अँटी-रोल बारचा, दोन बोटांएवढा रबराचा तुकडा. निव्वळ झेलणारा. किंगपिन मात्र गप्प होती, कारण गॅरेजमध्ये गाडी गेली की पोरगा आधी ग्रीस गन घेऊन निपलमध्ये ग्रीस भरतो. पिन आणि तिच्याभोवतीच्या धातूच्या बुशच्या मधली झीज त्या घट्ट ग्रीसने भरून निघते. हलवून बघाल तर प्ले, म्हणजे ढिलेपणा, कमी लागतो. म्हणून तपासायचं असेल तर आधी तपासा, मग ग्रीस मारा. एवढ्या एका उलट्या क्रमाने मला दोन वर्षं फसवलं.

तपासणी सोपी आहे. पुढचं चाक जॅकवर घ्या, खाली घोडी, म्हणजे आधाराचा स्टँड, लावा, नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखाली जाऊ नका. मग चाक घड्याळात बारा आणि सहा असतात त्या जागी धरून आत-बाहेर हलवा. माझ्या चाकाच्या वरच्या कडेला चार-पाच मिलिमीटर हललं. पिनेपाशी केसाएवढी झीज असली तरी टायरच्या कडेला ती अशी मोठी होऊन दिसते. पण एवढ्यावर पिनेला दोषी धरू नका, कारण व्हील बेअरिंग सैल असलं तरी चाक असंच हलतं. इथे नातवाला कामाला लावा. त्याला सांगा, ब्रेक दाबून धर. ब्रेक दाबला की ड्रम मागच्या प्लेटशी जखडला जातो, बेअरिंगचा प्ले गायब होतो. तरीही चाक हललं तर पिनच. मग नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवा. तिथला प्ले बहुतेक वेळा टाय रॉडचा किंवा स्टिअरिंग बॉक्सचा. नातू ब्रेकवर पाय ठेवून मोबाइल बघत होता, त्यामुळे आम्ही ही परीक्षा तीनदा केली. तिन्ही वेळा हललं.

तेव्हा पिन बदलायची ठरली. इथे दुसरा प्रश्न येतो, आणि तो पहिल्यापेक्षा अवघड आहे. बदलायची ती कशाने? मुंबईत पद्मिनीच्या, म्हणजे याच फियाटच्या पुढच्या अवताराच्या, टॅक्सी होत्या तोवर चिंता नव्हती, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर काही ना काही मिळायचंच. ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, आणि त्या टॅक्सीवाल्यांच्या जिवावर आपण हौशी लोक किती जगत होतो ते मला तेव्हा कळलं. आता किट मिळतं, पण डब्यावरचं नाव आणि आतलं पोलाद यांचा संबंध असेलच असं नाही.

आमच्या कलाभवन या तंत्रशिक्षण संस्थेतल्या वर्कशॉपमध्ये, सयाजीराव महाराजांनी १८९०मध्ये सुरू केलेल्या, एक गोष्ट पहिल्या महिन्यात शिकवली जायची. कानस घ्या आणि पोलादाच्या कोपऱ्यावर फिरवा. पाणी पाजलेलं पोलाद असेल तर कानस नुसती घसरते, काचेवरून घसरावी तशी. चावली, तर लोखंड मऊ आहे. दुकानदारासमोर मी खिशातून कानस काढली तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. पहिल्या किटमधल्या पिनेत कानस चावली. माझी जुनी, झिजलेली पिन तिच्यापेक्षा कडक होती! अशी नवी पिन वर्षभरात जुनीपेक्षा वाईट झाली असती. शेवटी आमच्या मकरपुऱ्याच्या एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये पिन करून, हार्डन करून, ग्राइंड करून घेतली. बुश मात्र नवे. ते ठोकून बसवले की आतून किंचित आवळतात, म्हणून दोन्ही बुशांतून एका रेषेत रीमर, म्हणजे भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार, मारावा लागतो. हे काम घाईचं नाही. रीमर तिरका गेला तर पिन जड फिरते, वळणानंतर स्टिअरिंग आपलं आपण सरळ होत नाही, आणि मग लोक अलाइनमेंटवाल्याला शिव्या देतात.

आता झेलणाऱ्यांबद्दल, आणि इथे माझी एक फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी मी उत्साहात पुढचे सगळे सायलेंट बुश बदलून घेतले. गॅरेजचं नाव सांगत नाही. चार महिन्यांत सगळे फाटले. मी रबराला दोष देत होतो. सायलेंट बुश म्हणजे दोन नळ्यांच्या मध्ये चिकटवलेलं रबर. ते फिरत नाही, पिळलं जातं, आणि परत सरळ होतं. त्या गॅरेजवाल्यांनी गाडी जॅकवर असताना, चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळले. मग गाडी खाली उतरवली. आर्म वर आले आणि रबर जन्मापासूनच पिळलेलं राहिलं. उभ्या गाडीतसुद्धा ताण, चालताना दुप्पट. हे बोल्ट गाडी चारही चाकांवर, तिच्या स्वतःच्या वजनाखाली उभी असतानाच शेवटचे आवळायचे असतात. आता सांगा, त्या वेळी मी जुने बुश बदलायला हवे होते का? जुन्यांना वरून बारीक चिरा होत्या, बस्स. आत चिकटलेले होते. त्यांनी आणखी पाच वर्षं काढली असती. मी चांगलं काढून वाईट घातलं, आणि पैसे देऊन.

(इथे एकांनी विचारलं, पॉलीयुरेथेनचे बुश घालावेत का.) घालायला हरकत नाही, पण माझ्या गाडीत मी घालणार नाही. ते कडक असतात, टिकतात, तेलाने फुगत नाहीत. पण रस्त्याचा प्रत्येक खडा बॉडीत पोचवतात, आणि आपली बॉडी हीच चेसी. जिथे रबराने झेलायचं तिथे मग पत्र्याचे जोड झेलतात. पन्नास वर्षांचे स्पॉट वेल्ड, त्यांना कशाला कामाला लावायचं? आणि हो, रबराच्या बुशचा आवाज येतो म्हणून त्यावर इंजिन ऑइल सोडणारे महाभाग आहेत. ते बंद करा. खनिज तेलाने रबर फुगतं आणि सडतं.

स्प्रिंगबद्दल मोठा गैरसमज आहे. गाडी बसली की लोक म्हणतात, स्प्रिंग मऊ झाली. बहुतेक वेळा ती मऊ होत नाही, बुटकी होते. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीवर, वेटोळ्याच्या व्यासावर आणि वेढ्यांच्या संख्येवर ठरतो. ती मापं बदलली नाहीत तर कडकपणा तोच. फक्त पोलाद वर्षानुवर्षं दबून थोडं खाली बसलेलं असतं. सपाट फरशीवर गाडी उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजूंना माप घ्या. माझ्या गाडीची उजवी बाजू डाव्यापेक्षा खाली आहे. त्याला कारण आहे. वडील नव्वद किलोंचे होते आणि नेहमी एकटेच गाडी चालवायचे.

दोन्ही बाजू सारख्या बसल्या असतील आणि टायर आतल्या कडेने खाल्लं जात नसेल, तर मी स्प्रिंगला हात लावत नाही. पण गंज आला की हिशोब बदलतो. कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. समजा तेरा मिलिमीटरची तार गंजून बारा झाली. एकच मिलिमीटर, पण कडकपणा पावभराहून जास्त गेला. आणि गंजाचा जो खड्डा पडतो तिथूनच पुढे तडा जातो. म्हणजे झेलणारा भाग बघता बघता धरणाऱ्यांच्या यादीत येतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. ऑगस्ट २०२४मध्ये आपली विश्वामित्री नदी काय झाली होती ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. पाणी धोक्याच्या पातळीच्या कितीतरी वर, ३५ फुटांच्याही पुढे. अकोट्याला आमच्या पार्किंगमध्ये फियाट दरवाज्यांच्या हँडलपर्यंत पाण्यात उभी होती. शेजारी म्हणाले, इंजिन बघा, इंजिन बघा. इंजिन बघितलंच. पण नदीतून पुराबरोबर आलेली मगर कुठे बसलीय याचा अंदाज घेत मी आधी वाकलो तो मागच्या पाट्यांकडे. पाण्याने ग्रीस धुऊन नेलं होतं, पाट्यांच्या फटींत गाळ बसला होता. ही गाडी महिनाभर तशीच उभी ठेवली असती तर पाटे एकमेकांना गंजाने चिकटले असते. आम्ही पाटे उतरवले, सुटे केले, घासले, व्हील बेअरिंग नव्याने ग्रीसमध्ये भरले. शॉकअपचं काम त्या मानाने सोपं. गाडीचा कोपरा जोरात दाबून सोडा, वर येऊन थांबली तर ठीक, झुलत राहिली किंवा बाहेर तेल ओघळलं असेल तर त्या ॲक्सलची जोडी बदला. एकच बदलू नका.

(ॲम्बेसेडरवाले एक गृहस्थ म्हणाले, आमच्या गाडीत पुढे स्प्रिंगच नाही.) बरोबर. तुमच्याकडे टॉर्शन बार, म्हणजे पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा. तो उतरवाल तेव्हा डावा-उजवा अशी रंगाने खूण करा. एका दिशेला पिळ घेऊन मुरलेला बार दुसऱ्या बाजूला बसवला तर तो उलटा पिळला जातो, आणि ती चूक महागात जाते.

जानेवारी २०२३मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसला जुन्या गाड्यांचा तो मोठा सोहळा झाला, तेव्हा तुमच्यापैकी बरेच जण गेले असतील. तिथल्या गाड्यांना गवतावर उभं राहून सुंदर दिसायचं होतं. त्यांच्या मालकाने झिजलेला भाग ठेवला काय, बदलला काय, फरक परीक्षकांना. माझी फियाट मला वर्षातून दोनदा पावागढच्या पायथ्याशी नेते, मागच्या सीटवर नातवंडं असतात. माझा हिशोब त्या सीटपासून सुरू होतो.

आता माझा एक निर्णय अजून अडकलाय. पूर आल्यावर पाटे सुटे केले तेव्हा उजव्या बाजूच्या दुसऱ्या पाट्यावर, मधल्या बोल्टच्या भोकाशी, एक बारीक रेघ दिसली. मिस्त्री म्हणतात घासल्याची आहे. पाटा ठोकून पुन्हा कमान चढवून द्यायलाही ते तयार आहेत, पण नुसता थंड ठोकलेला पाटा परत बसतो, आणि रेघ जर तडा असेल तर ठोकल्याने तो वाढेल. मी त्यावर रॉकेल लावलं, पुसलं, खडूची पूड टाकली. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल खडूत पाझरून रेघ उमटते. मला उमटल्यासारखी वाटली. मिस्त्रींना नाही वाटली. सौभाग्यवतींना विचारलं नाही, त्यांचं उत्तर माहीत आहे. तो पाटा मी आज डिकीत टाकून आणलाय, खडूही आहे. ज्यांचे डोळे चांगले असतील त्यांनी चहा घेतल्यावर खाली यावं.