बाबातीची तूर, लातूरचा भाव

(दृश्य : ताडपत्रीवर पसरलेल्या शेंगा, दोघी बायका काठीने झोडपताहेत)

काठी आपटते, शेंगा तडकतात, दाणे उडून ताडपत्रीच्या कडेला जातात. बाजूला सुपाने उफणणी चाललीय. पाहणाऱ्याला वाटेल, औसा-निलंग्याकडचं खळं आहे. पण महिना सप्टेंबरचा आहे, आणि आपल्याकडे सप्टेंबरात तुरीची रास होत नाही.

हा टांझानियाचा मन्यारा प्रांत, बाबातीचा परिसर. इथे तुरीला ‘म्बाझी’ म्हणतात. मक्याच्या ओळींमध्ये ती पेरतात, आपण सोयाबीनमध्ये घेतो तशीच. मका निघून जातो, तूर मागे उभी राहते. मर रोगाने पीक जायचं, तेव्हा त्याला दाद न देणारं वाण इथे आलं ते इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या संशोधनातून. तिचं मुख्यालय हैदराबादजवळ पाटणचेरूला आहे.

इथल्या रोजच्या जेवणात असते उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, आणि सोबत बहुतेकदा घेवड्याची उसळ. तूर या ताटात फारशी येत नाही. ती पिकते विकण्यासाठी. आणि तिचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक आपण आहोत.

(दृश्य : दार-ए-सलाम बंदर, कंटेनर उचलणाऱ्या क्रेन)

सौदा जमतो तो हंगामाच्या फरकामुळे. आपली नवी तूर बाजारात येते डिसेंबर-जानेवारीत. त्याआधी दसरा-दिवाळीला, जुना माल संपत आलेला असताना, आफ्रिकेची तूर मुंबईच्या बंदरात उतरते. आपले डाळ व्यापारी ती वेगवेगळ्या नावांनी ओळखतात. ‘अरुषा’ म्हणजे टांझानियाच्या उत्तरेची. ‘मतवारा’ म्हणजे दक्षिणेच्या म्तवारा बंदराकडची. मोझांबिकची ती ‘गजरी’. माल येतो अख्ख्या दाण्याचा. भरडाई होते ती आपल्या डाळ मिलमध्ये, आणि चुणीसुद्धा आपल्याच जनावरांना मिळते. भरडाईचा हा पैसा टांझानियात राहिला असता तर तिथल्या गावांचं चित्र वेगळं दिसलं असतं, असं मला मनापासून वाटतं.

(दृश्य : बाजारातलं पोतं, जवळून)

हे पोतं नीट बघा. तोंड शिवलेलं नाही. त्यावर सुतळीची जाळी विणून आणखी माल चढवलाय, टोपीसारखा. पैसे मात्र एकाच पोत्याचे. याला इथे ‘लुम्बेसा’ म्हणतात. कायद्याने बंदी आहे, तरी चालतं. आपल्या बाजार समितीत वजनातून ‘कडता’ कापून घेतलेल्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

आता २०१७ची गोष्ट. दोन वर्षं आधी, २०१५च्या सणासुदीत, आपल्याकडे तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली होती. जुलै २०१६मध्ये भारताने मोझांबिकशी डाळींच्या आयातीचा करार केला. भाव पाहून टांझानियातल्या शेतकऱ्यांनीही तूर वाढवली. पण त्याच वर्षी आपल्याकडे पाऊस चांगला झाला आणि तुरीचं विक्रमी पीक आलं. बोनस धरून हमीभाव होता क्विंटलला ५,०५० रुपये, खुल्या बाजारात मात्र त्याहून कितीतरी कमी. खरेदी केंद्रांपुढे ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या. बारदाना संपला. माणसं पोत्यांवर रात्री काढत होती.

५ ऑगस्ट २०१७ला दिल्लीतून अधिसूचना निघाली : तुरीची आयात वर्षाला फक्त २ लाख टन.

आपल्या शेतकऱ्याची बाजू खरी होती, तिच्याबद्दल मला शंका नाही. पण तारीख बघा. ऑगस्ट म्हणजे टांझानियात काढणीचे दिवस. पेरणी कधीच झाली होती आणि शेंगा वाळत होत्या. हजारो शिलिंगांत (टांझानियाचं चलन) असलेला किलोचा भाव शेकड्यांत आला. काहींनी पीक शेतातच सोडलं. हेच बंधन पेरणीआधी सांगितलं असतं तर त्यांनी मक्यात दुसरं काही लावलं असतं. देशाने आपल्या शेतकऱ्याला जपावंच. पण ज्याने आपला भाव पाहून पिकवलं, त्याला ‘नको’ म्हणायचं ते बी मातीत पडण्याआधी.

मे २०२१मध्ये आयात पुन्हा खुली झाली, पण मुदतवाढ मिळत गेली ती आधी काही महिन्यांची, मग एकेका वर्षाची.

(दृश्य : सहकारी संस्थेचं गोदाम, वजनकाटा)

टांझानियानेही यातून आपली घडी बसवायला घेतली. काजूसाठी आधीपासून चालत असलेली ‘स्ताकाबाधी घालानी’, म्हणजे गोदाम पावतीची पद्धत, तुरीलाही लागू होऊ लागली. शेतकरी गावच्या सहकारी संस्थेत माल घालतो, काट्यावर वजन होतं, पावती मिळते आणि जाहीर लिलाव होतो. जुलै २०२५मध्ये सरकारने परदेशी नागरिकांना १५ प्रकारचे धंदे बंद केले, त्यात शेतावर जाऊन माल विकत घेणंही आलं. त्यामुळे आपल्याकडून तिकडे जाणाऱ्या व्यापाऱ्याने हे समजून असावं, की बांधावर उभं राहून सौदा करायचे दिवस संपले. खरेदी करायची ती लिलावात किंवा स्थानिक माणसामार्फत.

(दृश्य : दार-ए-सलाम, सकाळ, रस्त्याकडेचं पातेलं)

इथल्या स्वाहिली भाषेत दुकानाला ‘दुका’ म्हणतात, लाखाला ‘लाकी’, विम्याला ‘बिमा’. मोसमी वाऱ्यांवर गलबतं ये-जा करायची, त्या काळापासूनची ही देवाणघेवाण.

सकाळचे साडेसात. अॅल्युमिनियमच्या पातेल्यात अख्खी तूर नारळाच्या दुधात रटरटतेय. बाई डावाने ताटलीत वाढते, वर एक चपाती ठेवते. चपातीला इथेही चपातीच म्हणतात. कामावर निघालेला माणूस उभ्याउभ्या खातो, ताटली परत देतो, नाणी मोजून ठेवतो. ही तूर समुद्र ओलांडत नाही. नऊच्या आत पातेल्याचा तळ दिसू लागतो, आणि बाई उद्यासाठी दोन किलो भिजत घालते.