एकट्यानं शूट करणाऱ्यासाठी छोटा कॅमकॉर्डर : माझा अनुभव

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात राहतो आणि अरंगेत्रम (भरतनाट्यम शिकलेल्याचं रंगमंचावरचं पहिलं एकल सादरीकरण), नाटकं, शाळांची स्नेहसंमेलनं अशा ऑर्डरी एकटाच करतो. सोबत मदतनीस नसतो. चित्र, आवाज, कार्ड, बॅटरी, सगळीकडे माझंच लक्ष.

आधी माझ्या बाबतीत घडलेली एक गोष्ट सांगतो. इथल्याच एका नाट्यगृहात एका मुलीचं अरंगेत्रम होतं. मी फोटोचा कॅमेरा लावला होता, चित्र फार देखणं येत होतं. वर्णम, म्हणजे कार्यक्रमातला सगळ्यात लांब नाच, रंगात आलं आणि 29 मिनिटं 59 सेकंदांनी क्लिप आपोआप थांबली. माझी नजर तिच्या चेहऱ्यावर. लाल ठिपका गेलाय हे कळेपर्यंत अख्खी जती (बोलांवरची पावलांची लड) होऊन गेली होती. तिच्या आईला हे सांगताना काय वाटलं, ते अजून विसरलो नाही.

ही मर्यादा का होती? अर्धा तास किंवा त्याहून जास्त सलग रेकॉर्ड करणारा कॅमेरा युरोपात व्हिडिओ कॅमेरा धरला जायचा आणि त्यावर जादा आयात शुल्क लागायचं. म्हणून बऱ्याच फोटो कॅमेऱ्यांना हे कुलूप घातलेलं असायचं. नव्या कितीतरी मॉडेलांत ते नाही, पण जुना कॅमेरा घेताना नक्की विचारा.

आता हा बघा. सोनीचा पीएक्सडब्ल्यू-झेड90, 2017 साली जाहीर झालेला. जुना झालाय, पण माझ्या कामाला अजून चोख आहे. 12 पट ऑप्टिकल झूम, म्हणजे फुल फ्रेमच्या (36 बाय 24 मिलिमीटर सेन्सरच्या) हिशेबात 29 ते 348 मिलिमीटर. साधारण 20 मीटरवर, मागच्या रांगेपाशी ट्रायपॉड लावला तरी नर्तिकेची कमरेपासून वरची फ्रेम मिळते. लेन्स बदलायची भानगड नाही. दोन कार्डं बसतात. एक भरलं की दुसऱ्यावर जायचं, की दोन्हीवर एकाच वेळी रेकॉर्ड करायचं, ते तुम्ही ठरवा. फोर-के, सेकंदाला 100 मेगाबिटवर तासाला 45 जीबी लागतात. तीन तासांचा कार्यक्रम म्हणजे 135 जीबी, 128 चं एक कार्ड पुरत नाही. हा हिशेब घरून निघायच्या आधी करा.

(कॅमेऱ्याची बाजू जवळून)

हे एनडीचं बटण. एनडी म्हणजे लेन्सच्या आतला गॉगल. पाडव्याला कौपिनेश्वर मंदिरापाशी पालखी मंडपाच्या सावलीत असते आणि पुढच्या क्षणी उन्हात येते. तिथे अ‍ॅपर्चर (प्रकाश आत घेणारं लेन्सचं भोक) फार बंद केलं तर एवढ्या छोट्या सेन्सरवर चित्र मऊ पडतं. शटर वाढवलं तर लेझीमची हालचाल तुटक दिसते. इथे शटर 1/50 वर तसंच राहतं, आणि एनडी 1/4, 1/16, 1/64 अशा तीन पायऱ्यांनी प्रकाश कमी करतो.

कमी पडतो तो अंधारात. सेन्सर एक इंची म्हणतात, पण प्रत्यक्षात 13.2 बाय 8.8 मिलिमीटर. फुल फ्रेमच्या जेमतेम सातव्या हिश्शाएवढा. त्यात पूर्ण झूमला लेन्स एफ 4.5 होते, म्हणजे प्रकाश आणखी कमी आत येतो. रंगमंचावर निळा मंद प्रकाश असला की गेन (सेन्सरच्या सिग्नलची ताकद) वाढवावा लागतो आणि दाणे दिसतात. लग्नातले मागचं सगळं धूसर झालेले क्लोजअप हवे असतील, तर हा घेऊ नका.

पण मी हा ठेवलाय तो मुख्यतः आवाजासाठी.

(हँडल जवळून)

एक्सएलआरची, म्हणजे व्यावसायिक माइकच्या केबलची, ही दोन तोंडं हँडलवर आहेत. हँडल काढलंत तर तीही गेली, म्हणून मी ते कधीच काढत नाही. पहिल्यात साउंडवाल्या दादांच्या मिक्सरची केबल, स्विच ‘लाइन’वर. दुसऱ्यात माझा शॉटगन माइक (समोरचाच आवाज टिपणारा), स्विच ‘माइक अधिक 48 व्होल्ट’वर, म्हणजे माइकला लागणारी वीज कॅमेरा देतो. हे दोन स्विच कृपा करून उलटे ठेवू नका. मिक्सरच्या आउटपुटमध्ये 48 व्होल्ट घुसले तर त्यांचं सामान बिघडू शकतं. दोन्ही चॅनेलच्या लेव्हलला वेगवेगळी चाकं आहेत, अंगठ्याखाली येणारी. मेनूत शिरावं लागत नाही, नजर रंगमंचावरून हलत नाही. एकट्या माणसाला याची किंमत कळते.

दोन चॅनेल कशाला? मिक्सरमधून गाणं, नट्टुवांगम (गुरूंचे बोल आणि झांजा), मृदंग स्वच्छ येतात, पण पायांसमोर माइक नव्हता. आता हेडफोन लावा. आधी नुसता मिक्सर ऐकवतो, मग दहाव्या सेकंदाला माझा माइक हळूहळू वर आणतो. घुंगरू कधी ऐकू यायला लागतात, ते बघा.