माया करावी ती दुरून

श्रोतेहो, नमस्कार. मोटारहोम, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली मोठी गाडी, घेऊन दूरच्या प्रवासाला निघालेल्या माणसाने वाटेतील रानटी प्राणी कसे पाहावेत, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. नियम सांगण्याआधी मी एक हकिकत सांगणार आहे. ती मी अनेकदा सांगितली आहे आणि पुढेही सांगत राहीन, कारण जवळजवळ सगळे नियम तिच्यातूनच समजतात.

अमेरिकेतील यलोस्टोन हे राष्ट्रीय उद्यान 1872 मध्ये स्थापन झाले. त्याच्या ईशान्य भागात लामार नावाचे रुंद, गवताळ खोरे आहे. खोऱ्यातून रस्ता जातो आणि त्या रस्त्याच्या आजूबाजूला बायसनचे, म्हणजे गव्यासारख्या दांडग्या रानगुरांचे, कळप चरत असतात. एप्रिल-मे महिन्यांत त्यांची वासरे जन्मतात. मोठी जनावरे गडद तपकिरी असतात, नवजात वासरे मात्र तांबूस नारिंगी रंगाची असतात, त्यामुळे ती दुरूनही चटकन नजरेत भरतात. मे 2016 मध्ये परदेशातून आलेल्या दोन पाहुण्यांना असेच एक वासरू दिसले. ते थंडीने गारठले असावे, असे त्यांना वाटले. त्यांनी त्याला उचलून मोटारीच्या मागच्या भागात ठेवले आणि मदत मिळेल या आशेने ते त्याला थेट रेंजरांच्या, म्हणजे उद्यानाच्या रक्षकांच्या, ठाण्यावर घेऊन गेले. श्रोतेहो, या माणसांच्या मनात कणभरही दुष्टावा नव्हता, हे कृपया लक्षात ठेवा.

रेंजरांनी ते वासरू पुन्हा कळपात सोडण्याचा प्रयत्न केला. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा केला. कळपाने त्याला स्वीकारले नाही. आईविना राहिलेले ते वासरू रस्त्यावर येऊन माणसांच्या आणि मोटारींच्या मागे जाऊ लागले. त्याला उद्यानाबाहेर हलवावे, तर ब्रुसेलोसिस या गुरांच्या संसर्गजन्य रोगाच्या भीतीने बायसनला आधी कित्येक महिने विलगीकरणात ठेवावे लागते आणि तशी सोय तेथे नव्हती. शेवटी उद्यानाने त्या वासराला दयामरण दिले. पुढे 2023 च्या मे महिन्यात, त्याच लामार खोऱ्यात, नदी ओलांडताना कळपामागे राहिलेल्या एका वासराला एका पाहुण्याने हाताने ढकलून काठावर चढवले. तेही वासरू गाड्यांच्या मागे फिरू लागले, कळपाने त्यालाही नाकारले आणि त्यालाही मारावे लागले. दोन्ही वेळा माणसाचा हेतू चांगला होता आणि दोन्ही वेळा वासरू गेले.

म्हणून पहिली आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे अंतर. यलोस्टोनचा नियम असा आहे की बायसन, एल्क (एक मोठे हरीण) यांसारख्या प्राण्यांपासून किमान 23 मीटर आणि अस्वल व लांडगा यांच्यापासून किमान 91 मीटर दूर राहावे. पुन्हा सांगतो, बायसनपासून 23 मीटर, अस्वलापासून 91 मीटर. बायसनचा पूर्ण वाढलेला नर सुमारे 900 किलो वजनाचा असतो आणि तासाला 55 किलोमीटरच्या आसपास वेगाने धावू शकतो, तेव्हा हे अंतर माणसाच्या जिवासाठीही आहे. मोजपट्टी कोणी सोबत घेऊन फिरत नाही. त्यासाठी हात पूर्ण लांब करून अंगठा उभा धरावा, एक डोळा मिटावा आणि प्राणी अंगठ्याआड झाकला जातो का ते पाहावे. झाकला गेला नाही, तर आपण फार जवळ आहोत. प्राण्याने चरणे थांबवून आपल्याकडे मान वळवली, तरीही आपण फार जवळ आहोत.

मोटारहोमचा मोठा फायदा म्हणजे तिची उंच आसने आणि रुंद काचा. उभ्या गाडीची प्राण्यांना बऱ्याचदा सवय झालेली असते, परंतु दार उघडून खाली उतरलेली माणसाची आकृती त्यांना लगेच वेगळी दिसते. त्यामुळे इंजिन आणि जनरेटर बंद करून आतूनच पाहावे. येथे माझे एक ठाम मत सांगतो. प्रवासाला निघताना लहान मुलांच्या हाती फोन न देता चांगली दुर्बीण द्यावी, कारण फोनवर चित्र टिपणारा माणूस नकळत एकेक पाऊल पुढे सरकत राहतो, तर दुर्बीण असलेल्या मुलाला जागेवरूनच प्राण्याच्या पापण्या दिसतात. चांगले पाहणे ही शिकण्याची विद्या आहे आणि शाळांनीही ती शिकवायला हवी, असे मला मनापासून वाटते.

मोटारहोमचा तोटा म्हणजे तिचा आकार. ती रस्त्यातच थांबली की मागच्या चालकाला पुढचे काहीच दिसत नाही आणि तिच्या पुढून निघालेले जनावर अचानक त्याच्या चाकांसमोर येते. पूर्ण गाडी मावेल अशी रस्त्याकडेची जागा असेल तरच थांबावे, नसेल तर तो प्राणी सोडून पुढे जावे. जड गाडी थांबायलाही जास्त अंतर घेते, म्हणून पहाटे आणि तिन्हीसांजेला वेग कमी ठेवावा. एक हरीण रस्ता ओलांडून गेले की दुसरे मागून येणार, असेच धरून चालावे. कळपाने रस्ता अडवला तर हॉर्न वाजवू नये, वाट पाहावी.

अन्नाबाबत थोडक्यात सांगतो. अमेरिकेतीलच योसेमिटी उद्यानात काळ्या अस्वलांनी अन्नाच्या वासाने 1990 च्या दशकात शेकडो मोटारी फोडल्या होत्या. मोटारहोमच्या भिंती पक्क्या असल्या, तरी बाहेर पडताना खाण्याचे पदार्थ नजरेआड ठेवून खिडक्या आणि छतावरील झडपा बंद कराव्यात. भांडी धुतलेल्या पाण्यालाही अन्नाचाच वास असतो, म्हणून सांडपाण्याची टाकी नेमून दिलेल्या ठिकाणीच रिकामी करावी आणि तेथून निघण्यापूर्वी नळाचे झाकण घट्ट बसले आहे का, हे स्वतः खाली वाकून पाहावे.