भिवंडीचा हा गृहस्थ कोण?

(फोंडा येथे घरगुती उद्योजकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि मंडळी,

पत्रिकेवर माझा विषय ‘कार्डावरील अनोळखी रकमा’ असा छापला आहे आणि त्याखाली ‘फसवणूक कशी ओळखावी’ अशी एक ओळ आयोजकांनी आपण होऊन जोडली आहे. फसवणुकीविषयी मी बोलणारच आहे. परंतु गोव्यातल्या लहान व्यावसायिकांचे हिशेब लिहिता लिहिता माझे एक मत पक्के झाले आहे आणि ते निमूटपणे ऐकून घेणारे सभागृह रोज मिळत नाही, म्हणून आधी ते मांडतो. कार्डाच्या स्टेटमेंटवर जी नावे आपल्याला परकी वाटतात, त्यांतली पुष्कळशी चोरांची नसून आपणच ज्यांच्याकडून माल घेतला त्या दुकानदारांची असतात. ती ओळखू येत नाहीत म्हणून आपण आपल्या स्मरणशक्तीला बोल लावतो, तो खरे तर विक्रेत्याला लावायला हवा. ज्याला पैसे घ्यायचे आहेत त्याने ते कोणत्या नावाने घेणार हे आधी सांगावे, एवढीच माझी मागणी आहे.

उदाहरणासाठी मी पॅकिंगचे सामान ऑनलाइन विकणारा दुकानदार निवडला आहे, कारण तुम्हा सर्वांचा त्याच्याशी संबंध येतो. इथे कोणी आगळ करतो, कोणी लोणची, कोणी खाजे, कोणी काजू भरून पाठवतो. आणि बबल रॅप, चिकटपट्टी, कुरियरच्या पिशव्या हे सगळे चतुर्थीच्या आधी आणि मग नाताळच्या आधी असे वर्षातून दोनदा मागवले जाते. काजू कोणाकडून घेतले हे माणूस मरेपर्यंत विसरत नाही. चिकटपट्टी कोणाकडून घेतली हे मात्र ती संपण्याच्या आत विसरतो.

याच तालुक्यातल्या एका घरातली हकिकत सांगतो. नावे घेत नाही, कारण त्या घरातले कोणीतरी समोर बसलेले असण्याची दाट शक्यता आहे. घरातल्या काकू कोकमाचे आगळ काचेच्या बाटल्यांत भरून पुण्या-मुंबईला पाठवतात. वाटेत एक बाटली फुटली तर खोक्याबरोबर कुरियरवाल्याची अर्धी गाडी लाल होते, म्हणून बबल रॅपच्या बाबतीत त्यांच्याकडे काटकसर चालत नाही. जुलैमध्ये सुनेने फोनवर एक स्वस्त दुकान शोधले, ३,६५० रुपयांचा माल निवडला आणि सासूबाईंच्या क्रेडिट कार्डाचा क्रमांक घातला. ओटीपी काकूंच्या फोनवर आला. तो फोन त्या वेळी नातवाच्या हातात होता. त्याने खेळ न थांबवता सहा आकडे मोठ्याने वाचून दाखवले आणि तो पुन्हा खेळात बुडाला. माल चार दिवसांत आला, वापरालाही लागला.

ऑगस्टमध्ये स्टेटमेंट आले. त्या घरात स्टेटमेंट वाचण्याचा मान आजोबांचा. ते निवृत्त शिक्षक असल्यामुळे ते काम लाल पेन घेऊन करतात आणि प्रत्येक ओळीवर बरोबर किंवा चूक अशी खूण करतात. एका ओळीवर पेन थांबले. आधी कसलीशी तीन इंग्रजी अक्षरे, मग एक तारा, मग एका कंपनीचे नाव जे ‘पॉली’वर येऊन मध्येच तुटले होते, पुढे भिवंडी, आणि रक्कम ४,७२० रुपये. आजोबांनी चष्म्यावरून सर्वांकडे पाहिले आणि विचारले, “हो भिवंडीचो कोण?”

घरात सभा भरली. मुलाला वाटले, धाकट्याच्या पॉलिटेक्निकची काहीतरी फी असावी. काकूंना पॉलिक्लिनिक आठवले आणि मला न सांगता दवाखान्यात कोण जाऊन आले, अशी चौकशी सुरू झाली. सून समोरच होती. पण तिने ज्या दुकानातून माल घेतला होता त्याचे नाव अगदी वेगळे, आकर्षक, तरुण वळणाचे होते, आणि तिच्या डोक्यात रक्कम होती ती ३,६५०. वाहतुकीचे ३५० आणि एकूण ४,००० वर १८ टक्के जीएसटीचे ७२० हे पैसे भरण्याच्या शेवटच्या पानावर आले होते, आणि ते पान कोण वाचते? गावाची ओळख नाही, नावाची नाही, रकमेची नाही. तेव्हा हा चोरच, असा निकाल झाला. त्याच रात्री बँकेला फोन करून कार्ड बंद करण्यात आले आणि फसवणुकीची तक्रार नोंदवली गेली. ही सारी चर्चा चालू असताना नातू ज्या गुंडाळीवर बसून एकेक फुगा टचटच फोडत होता, ती त्याच ४,७२० रुपयांतली होती.

पुढचे हाल ऐका. कुरियरच्या खात्यात पैसे भरायला तेच कार्ड, विजेचे बिल त्यावरच, आणि ऐन चतुर्थीच्या तोंडावर कार्ड बंद. नवे येईपर्यंत काकूंनी शेजाऱ्यांच्या कार्डावर दिवस काढले. तिकडे विक्रेत्याच्या बँकेने वादातली रक्कम अडवून ठेवली, आणि त्याने काकूंची पुढची ऑर्डर रोखली. मग एके दिवशी पॅकिंग करताना गठ्ठ्यावर चिकटवलेले प्लास्टिकचे पाकीट काकूंनी फाडले. आतल्या बिलावर ते ‘पॉली’ पूर्ण लिहिलेले होते, पत्ता भिवंडीचा होता आणि खाली ४,७२० रुपये. तक्रार मागे घ्यावी लागली. त्या घरात सुनेला अजून बोलणी बसतात. माझ्या मते तिचा यात काही दोष नाही.

दोष कसा होतो ते पाहा. आपण कार्डाने पैसे भरतो तेव्हा बँकांमध्ये जो संदेश फिरतो, त्यात विक्रेत्याचे नाव-गाव लिहायला सारी मिळून ४० अक्षरांची जागा असते: साधारणपणे नावाला २५, गावाला १३ आणि देशाला २. लहान विक्रेता बँकेशी थेट व्यवहार करत नाही; मध्ये पैसे गोळा करून देणारी कंपनी असते, जिला पेमेंट ॲग्रिगेटर म्हणतात. ती बऱ्याचदा आपली आद्याक्षरे आणि तारा आधी लावते, म्हणजे २५ मधली काही अक्षरे तिथेच खर्ची पडली. उरलेल्या जागेत खाते उघडताना दिलेले नाव बसवायचे. ते नाव वडिलांच्या काळातल्या भागीदारी पेढीचे असते आणि वेबसाइट मुलाने काढलेली असते. गाव लिहिले जाते ते नोंदणीचे, माल जिथून निघाला ते नव्हे. शिवाय पार्सलवर पाठवणारा म्हणून कधी कधी गोदामवाल्याचेच नाव असते. एका दुकानाला अशी तीन-तीन नावे, आणि आपल्याला माहीत असते ते चौथे, म्हणजे वेबसाइटचे.

२०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियमांनुसार विक्रीच्या संकेतस्थळावर कंपनीचे कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा तपशील दाखवावा लागतो. चांगली गोष्ट आहे. पण तो तपशील पानाच्या तळाशी मुंगीच्या अक्षरांत असतो. माझी मागणी याहून साधी आहे. पैसे भरण्याच्या पानावर, पावतीवर आणि खोक्यावर एक ओळ छापा: तुमच्या स्टेटमेंटवर आमचे नाव असे दिसेल. खोकी आणि लेबले विकणे हाच ज्याचा धंदा, त्याला स्वतःच्या खोक्यावर एक ओळ छापणे जड का जावे?

हसू नका, कारण तुमच्यापैकी ज्यांनी स्वतःची वेबसाइट काढली आहे त्यांनाही हे लागू आहे. एका ताईंचे लोणचे पुण्यात उत्तम खपते आणि गिऱ्हाइकाच्या स्टेटमेंटवर नाव येते त्यांच्या यजमानांच्या जुन्या हार्डवेअरच्या दुकानाचे. लोणच्याच्या बरणीसाठी हार्डवेअरला पैसे गेलेले पाहून गिऱ्हाईक तक्रार करणार नाही तर काय करणार? आज घरी गेल्यावर आपल्याच दुकानातून आपल्याच कार्डाने एक बरणी विकत घ्या आणि स्टेटमेंटवर कोणते नाव येते ते पाहा.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटे उरली म्हणतात. तेव्हा पत्रिकेवरचा विषय आता धावतच सांगावा लागेल.

अनोळखी रक्कम दिसली तर ईमेल आणि संदेशांत दुकानाचे नाव शोधू नका, रक्कम शोधा. भारतातल्या ऑनलाइन कार्ड-व्यवहाराला २००९ पासून दुसऱ्या पायरीची पडताळणी लागते, म्हणजे सहसा ओटीपी. त्या तारखेचा ओटीपीचा संदेश सापडला तर बऱ्याचदा त्यातच विक्रेता आणि रक्कम दोन्ही असतात. स्टेटमेंटवरची तारीख एक-दोन दिवस पुढेमागे असू शकते. बिल सापडले तर त्यावरचा १५ अक्षरांचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर घालून पाहा, कायदेशीर नाव आणि व्यापारी नाव दोन्ही दिसतात; पहिले दोन आकडे राज्याचे, गोव्याचे ३० आणि महाराष्ट्राचे २७. घरात कोणाकडे त्याच खात्याचे जोडकार्ड असेल तर त्यालाही विचारा. विक्रेता परदेशातला असेल तर ओटीपी बऱ्याचदा येतच नाही, आणि रुपयांतली रक्कम बँकेच्या परकीय चलन शुल्कामुळे थोडी फुगलेली असते. दर महिन्याला आपोआप पैसे कापण्याची परवानगी तुम्ही देऊन बसला असाल, तर १५,००० रुपयांपर्यंत प्रत्येक वेळी ओटीपी लागत नाही, पण कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते. एक-दोन रुपयांची कापणी बहुधा कार्डाच्या पडताळणीची असते. तुम्ही कुठेच कार्ड जोडले नसेल तर मात्र कोणीतरी चाचपणी करत आहे असे समजा.

एवढे करूनही व्यवहार आपला नाही अशी खात्री झाली, तर आधी कार्ड बंद करा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत-क्रमांकावर कळवा. बँकेचा क्रमांक कार्डाच्या मागचाच वापरा, इंटरनेटवर शोधलेला नको. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक तुमची किंवा बँकेची नसेल आणि सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत तुम्ही कळवले, तर तुमच्यावर भार शून्य. चार ते सात दिवस लागले तर मर्यादित भार, म्हणजे बचत खात्याला किंवा पाच लाखांपर्यंतच्या क्रेडिट कार्डाला जास्तीत जास्त १०,००० रुपये. त्यापुढे बँकेचे धोरण. दहा कामकाजी दिवसांत रक्कम तात्पुरती जमा व्हावी, नव्वद दिवसांत निकाल लागावा, आणि दोष ग्राहकाचा आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेची. तुम्हीच ओटीपी कोणाला सांगितला असेल तर मात्र कळवेपर्यंतचे नुकसान तुमचे.

व्यवहार आपला आहे पण माल आला नाही, किंवा एकाच ऑर्डरचे पैसे दोनदा गेले, तर ती फसवणुकीची तक्रार नव्हे. आधी विक्रेत्याला लेखी कळवा. त्या २०२० च्या नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात उत्तर द्यायचे असते. त्याने दाद दिली नाही तर बँकेकडे चार्जबॅक मागा, म्हणजे बँकेमार्फत विक्रेत्याकडून रक्कम परत मागवा. पैसे परत केले असे तो नुसते तोंडी म्हणत असेल, तर परताव्याचा २३ आकडी एआरएन, म्हणजे त्या व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, मागून घ्या. त्यावरून तुमची बँक रक्कम कुठे अडकली ते शोधू शकते. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, माहितीचा क्रमांक १४४४८.

वेळ संपली. ज्यांनी आपापली स्टेटमेंट बरोबर आणली आहेत त्यांनी चहाच्या वेळी मला गाठावे; मात्र कार्डाचा क्रमांक आधी शाईने खोडून आणावा, आणि ओटीपी तर मलासुद्धा सांगू नये.